अंडरग्राउंड म्युझिक प्रोड्यूसर नेमकं करतो तरी काय?

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनणाऱ्या नाचाच्या संगीताच्या, संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. त्याआधी २०१६ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने बर्गहाइन या क्लबमधल्या रात्री मैफलीच्या पंगतीत बसवल्या होत्या आणि तिकिटांवर १९ ऐवजी ७ टक्केच कर लागेल असा निर्णय दिला होता. अशा बातम्या वाचल्या की अनेकांच्या भुवया उंचावतात. रात्रभर धाड धाड वाजणारं ते संगीत, आणि म्हणे वारसा! बरं, ते रचणारा कोण? लॅपटॉपसमोर बसलेला कुणीतरी, ज्याचं नावसुद्धा नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं.

शंका रास्त आहे. पण या संगीताविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणाहून निघतात, असं मला वाटतं. आपण ते गाणं समजून ऐकायला बसतो. बनवणाऱ्याने ते गाणं म्हणून बनवलेलंच नसतं. दुसऱ्या कुणीतरी हातात घेऊन वापरावं, पुढे न्यावं, दुसऱ्या कशात तरी मिसळावं म्हणून तो ते मुद्दाम अपुरं ठेवतो. हे एकदा लक्षात आलं की त्याचं काम, त्याची गंमत आणि त्याची आर्थिक ओढाताण, सगळं एका ओळीत दिसायला लागतं.

आधी कोण काय करतं ते पाहू

सिनेमात प्रोड्यूसर म्हणजे पैसा लावणारा. इथे त्याच्या खिशात बहुधा खडखडाट असतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात प्रोड्यूसर म्हणजे संगीताचा तुकडा स्वतः घडवणारा माणूस. चाल सुचणं, ताल बांधणं, प्रत्येक आवाज यंत्रातून किंवा सॉफ्टवेअरमधून तयार करणं, सगळ्यांची पातळी जुळवणं ही संगीतकार, संयोजक, वादक आणि रेकॉर्डिस्ट अशा चौघांची कामं तो एकटा करतो. त्या तुकड्याला म्हणायचं ट्रॅक. त्यात शब्द असतीलच असं नाही, बहुतेकदा नसतातच.

डीजे वेगळा. तो अनेकांचे ट्रॅक निवडून, एकात एक मिसळत तासन्‌तास वाजवतो. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही करतो, म्हणून घोळ होतो. पण उत्तम प्रोड्यूसर डीजे म्हणून सुमार असू शकतो, आणि याच्या उलटही.

'अंडरग्राउंड' म्हणजे चोरून?

तसं काही नाही, निदान आता तरी. अंडरग्राउंड म्हणजे मोठ्या कंपन्या, रेडिओ आणि जाहिराती यांच्या वाटेने न जाता छोट्या लेबलांमधून, मोजक्या क्लबांमधून, एका डीजेकडून दुसऱ्याकडे असं पसरणारं संगीत. लेबल म्हणजे ट्रॅक प्रकाशित करणारी संस्था. पुष्कळ लेबलं एक-दोन माणसं नोकरी सांभाळून चालवतात.

चोरीछुपेपणाची छटा इतिहासातून आली. ब्रिटनमध्ये मोकळ्या माळावर होणाऱ्या बेधडक रेव्ह पार्ट्यांना आवर घालायला १९९४ मध्ये कायदा झाला. त्यात आवरायच्या संगीताची व्याख्याच मुळी एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांवर बेतलेली होती. या व्याख्येला ऑटेकर या प्रोड्यूसर जोडगोळीने मासलेवाईक उत्तर दिलं. त्याच वर्षी काढलेल्या 'अँटी ईपी' या छोट्या अल्बममधल्या एका ट्रॅकमध्ये त्यांनी ठोके असे बांधले की कुठलीच दोन आवर्तनं सारखी येऊ नयेत. वर वेष्टनावर खवचट सूचना होती की हे वाजवताना एखादा वकील आणि एखादा संगीततज्ज्ञ शेजारी असू द्या.

नाव झाकण्याची रीतही जुनीच. ज्यावर काहीही छापलेलं नाही अशा कोऱ्या लेबलाच्या तबकड्या डीजेंमध्ये फिरायच्या, अजूनही फिरतात. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटातली मंडळी चेहरे झाकून लोकांसमोर येत. लंडनचा प्रोड्यूसर बरिअल हा तर या बाबतीत दंतकथाच झाला. २००६ आणि २००७ मध्ये त्याचे दोन अल्बम आले, कौतुक झालं, आणि हा माणूस कोण याचा पत्ता नाही. २००८ मध्ये ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्कारासाठी नामांकन झालं, वृत्तपत्रं हात धुऊन मागे लागली, तेव्हा कुठे त्याने स्वतःचं नाव सांगितलं. ही केवळ प्रसिद्धीची क्लृप्ती आहे अशी शंका घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. काही जणांच्या बाबतीत ती असतेही. पण मूळ कारण कामाच्या स्वरूपात आहे. ट्रॅक डीजेच्या हातात जाऊन दुसऱ्या दहा ट्रॅकमध्ये मिसळणार असेल, तर त्यावर कुणाचा चेहरा चिकटवलाय याने नाचणाऱ्याला काय फरक पडतो?

मुद्दाम सोडलेली जागा

अशा एखाद्या ट्रॅकची सुरुवात ऐका. नुसता खालचा ठोका. थोड्या वेळाने वर झांजेसारखी बारीक किणकिण. अर्धं मिनिट झालं तरी 'सुरू' काही होत नाही. मोबाईलवर ऐकणारा इथेच कंटाळून पुढे जातो.

आता हिशोब पाहा. समजा वेग मिनिटाला १२८ ठोके आहे. चार ठोक्यांचा एक बार. १६ बार म्हणजे ६४ ठोके, म्हणजे बरोबर ३० सेकंद. ही ३० सेकंदं श्रोत्यासाठी नसतातच. त्या वेळात आधीचा ट्रॅक अजून वाजत असतो. डीजे हेडफोनमध्ये नव्याचा वेग जुन्याशी जुळवतो, ठोक्यावर ठोका बसवतो, मग जुन्याचा खालचा आवाज काढून घेतो आणि त्याच क्षणी नव्याचा आत सोडतो. नाचणाऱ्याला सांधा कळत नाही. शिंपी शिवणीच्या आत माया सोडतो, तशी ही सोय. बाहेरून दिसत नाही, पण ती नसेल तर कपडा पुढे कुणाच्याच अंगाला बेतून देता येत नाही.

शेवटीही तशीच जागा सोडलेली असते. मधल्या भागातसुद्धा असते, फक्त ती लगेच लक्षात येत नाही. नवखा प्रोड्यूसर सगळं भरून टाकतो. धून आहे, तिच्यावर दुसरी धून, बेस (खालच्या सुरांची ओळ) खेळकर, वर आवाजाचे तुकडे. ऐकायला भारी, पण डीजेने त्यावर दुसरं काही ठेवायचं म्हटलं तर जागाच उरलेली नसते. मुरलेला प्रोड्यूसर एकेक थर काढत जातो. ट्रॅक उरलेल्या चार-पाच आवाजांवर उभा राहील का, ही त्याची कसोटी.

यामुळेच एखादा ट्रॅक चांगला की वाईट याचं उत्तर या मंडळींकडून सरळ मिळत नाही. ते विचारतात, कुठल्या वेळेचा? रात्री अकराला, लोक जमत असताना वाजवायचा ट्रॅक वेगळा असतो आणि पहाटे चारचा वेगळा. अकराचा ट्रॅक चारला वाजवला तर पडेल, आणि दोष ट्रॅकचा नसेल.

टेबलावर काय चालतं

सुरुवात बहुधा किकपासून. किक म्हणजे तो खालचा ठोका. ऐकायला एक 'ढम्', पण त्यात दोन-तीन गोष्टी असतात. सुरुवातीला एक टोकदार टिचकी, जिच्यामुळे छोट्या स्पीकरवरही कानाला ठोका सापडतो. मग वरून वेगाने घसरत सेकंदाला पन्नासेक कंपनांपर्यंत उतरणारा सूर. मग त्याची शेपटी. ही शेपटी किती लांब ठेवायची यावर सगळा ट्रॅक बसतो किंवा उठतो. लांब ठेवली तर पुढच्या बेसवर चढते, आखूड केली तर ठोका पुठ्ठ्यावर मारल्यासारखा कोरडा वाटतो. शिवाय किक सुरात लावावी लागते. तबला जसा षड्जाला लावतात तशी ट्रॅकच्या सुराशी तिची घसरण जुळवली नाही, तर ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

किक आणि बेस दोघांनाही खालचीच जागा हवी असते. त्यांचं भांडण मिटवायला एक युक्ती वापरतात, तिचं नाव साइडचेन. प्रत्येक वेळी किक पडली की बेसचा आवाज आपोआप क्षणभर खाली जातो आणि लगेच वर येतो. खाली कधी, किती, आणि परत किती वेगाने, हे तीन आकडे हाताने ठरवायचे असतात. ट्रॅक श्वास घेतोय असं जे वाटतं, ते बऱ्याचदा या आकड्यांमधून आलेलं असतं.

मग डौल. १२८ च्या वेगात एका ठोक्याचा चौथा भाग म्हणजे सेकंदाचा सुमारे ११७ हजारांश. वरची किणकिण प्रत्येक चौथ्या भागावर अगदी घड्याळासारखी ठेवली तर ट्रॅक ताठ उभा राहतो. त्यातले एकाआड एक ठोके दहा-पंधरा हजारांश मागे सरकवले की तोच ट्रॅक झुलायला लागतो. किती सरकवायचे याचं सूत्र नाही. माणूस डोळे मिटून मान हलवत बसतो, थोडं मागे, थोडं पुढे करत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटतो. मला विचाराल तर प्रोड्यूसरची ओळख सर्वांत जास्त इथेच दिसते.

आठ बारचं एक छान आवर्तन, म्हणजे लूप, तयार करणं तुलनेने सोपं आहे. त्यातून सात मिनिटं उभी करणं महाकठीण. प्रत्येक प्रोड्यूसरच्या कॉम्प्युटरमध्ये अशा अडकलेल्या लूपांची गर्दी असते. पुढे न्यायची रीत अशी की नवीन आवाज आणायचे नाहीत, आहेत त्यांनाच हळूहळू बदलायचं. एखाद्या आवाजावर फिल्टर लावायचा, म्हणजे त्याचा वरचा तेजस्वी भाग झाकायचा, आणि ते झाकण ३२ बारांत, म्हणजे मिनिटभरात, तीळ तीळ उघडत जायचं. बदल होतोय हे कुणाला जाणवत नाही, पण मिनिटाच्या शेवटी खोलीतली ऊर्जा बदललेली असते.

घरची खोली कानाला फसवते

आता एक अडचण, जी या धंद्यात पडल्याशिवाय सहसा कळत नाही. सेकंदाला ५० कंपनांच्या आवाजाची एक लहर हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. घरातली खोली साधारण साडेतीन मीटर. तेवढ्या अंतरात बरोबर अर्धी लहर बसते, भिंतींवरून परत फिरते आणि स्वतःशीच भिडते. परिणाम असा की भिंतीजवळ बेस घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

खुर्ची नेमकी मधोमध असली तर? प्रोड्यूसरला बेस कमी वाटतो, तो वाढवतो, आणखी वाढवतो. तोच ट्रॅक क्लबमध्ये वाजला की सगळं गढूळ होतं. म्हणून एकच ट्रॅक हेडफोनवर, गाडीत, स्वयंपाकघरातल्या किडुकमिडुक स्पीकरवर ऐकून पाहतात. भिंतींना जाड शोषक फळ्या लावतात, आणि तरी शेवटचा भरवसा मास्टरिंग करणाऱ्यावर ठेवतात. मास्टरिंग म्हणजे प्रकाशनाआधीचा अखेरचा हात. त्यासाठी चांगली खोली आणि ताजे कान असलेला दुसरा माणूस लागतो.

तबकडीसाठी तर नियम आणखी कडक. खोल बेस डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा ठेवला तर सुई खाचेतून उडते. म्हणून खालचे आवाज मधोमध, एकत्र ठेवतात. क्लबच्या मोठ्या स्पीकरांवरही खालचा भाग बहुधा एकत्रच वाजतो. यंत्राची मर्यादा अशी हळूहळू शैली होऊन बसते.

पडेल यंत्राचं नशीब

यंत्राची मर्यादा शैली झाल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ चं. १९८१ मध्ये आलेली ही चंदेरी डबी एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवली होती. तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता आणि तिच्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी. सुमारे १०,००० नग बनल्यावर १९८४ मध्ये उत्पादन थांबलं आणि जुन्या बाजारात ती मातीमोल भावात मिळायला लागली.

मातीमोल, म्हणूनच ती शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. फ्यूचर नावाच्या तिघांच्या गटाने तिच्याकडून गिटार वाजवून घ्यायचा हट्ट सोडला आणि वाजत असतानाच तिची बटणं पिळायला सुरुवात केली. चिरकणारा, वळवळणारा, विव्हळणारा एक आवाज निघाला. त्यांनी त्याची टेप रॉन हार्डी या डीजेला दिली. त्याने ती म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये एका रात्रीत पुन्हा पुन्हा वाजवली. सांगतात की पहिल्यांदा लोक नाच सोडून बाजूला झाले आणि चौथ्यांदा वेडे झाले. १९८७ मध्ये तो ट्रॅक 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने तबकडीवर आला आणि अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या शाखेला नाव मिळालं. माझ्या मते या गोष्टीत हार्डीचं श्रेय फ्यूचरइतकंच आहे. डीजेने चिकाटी धरली नसती तर ती टेप आणखी एक फसलेला प्रयोग ठरली असती.

गंमत म्हणजे त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच ३०३, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांचा अल्बम केला होता. सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते, आणि त्यांनी यमन, भैरव, मालकंस यांसाठी ती कामाला लावली. अल्बम खपला नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने तो पुन्हा काढला आणि जगभरचे अ‍ॅसिड हाउसवाले अवाक झाले. सत्तरीतल्या सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला, असं उत्साहाच्या भरात लिहिलं जातं, ते मला पटत नाही. शिकागोवाल्यांनी हा अल्बम ऐकल्याचा काही पुरावा नाही. पण त्याच यंत्रातून तिथल्यापेक्षा आधी, अगदी वेगळ्या वाटेने, कुणीतरी तिथपर्यंत पोचलं होतं हे खरं. फरक इतकाच की सिंग यांच्या तबकडीला रात्रभर ती लावून धरणारा डीजे मिळाला नाही.

"सगळं कॉम्प्युटरच करतो ना?"

सॉफ्टवेअर पुष्कळ काही करून देतं, नाकारण्यात अर्थ नाही. ठोके वेगात राहतात, सूर चुकत नाही, तयार आवाजांचे संच मिळतात. पण यामुळे अडचण नेमकी उलट्या बाजूला सरकते. वादकाला आपल्या हातांची मर्यादा असते आणि ती त्याच्या वतीने निम्मे निर्णय घेऊन टाकते. इथे हाताशी हजारो आवाज आणि प्रत्येकाला वीस बटणं. काय नको, हे ठरवण्यातच दिवस जातात. म्हणून अनेक जण स्वतःला बंधन घालून घेतात, जसं की एकच सिंथेसायझर, किंवा एका ट्रॅकला आठच आवाज.

"पण तेच तेच वाजतं की!"

वाजतं, आणि वाजायलाच हवं. तबल्याच्या एकल वादनात शेजारी लेहरा चालू असतो. तीच चाल, तेच आवर्तन, तासभर. त्याला कंटाळवाणं म्हणून कुणी उठून जात नाही, कारण लेहरा स्थिर असल्यामुळेच तबल्यातले बारीक फेरफार कानाला दिसतात. इथे बदल असतो आवाजाच्या पोतात. सूर तोच, पण तो खरखरीत होतोय, ओला होतोय, जवळ येतोय. कान चालीच्या मागे धावायची सवय सोडेपर्यंत तो ऐकू येत नाही. ज्यांना तरीही कंटाळा येतो त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. एकट्याने, बसून, छोट्या स्पीकरवर ऐकण्यासाठी ते बनलेलंच नाही.

"दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणतात"

हा आक्षेप सॅम्पलिंगवर असतो. सॅम्पल म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणातला कापून घेतलेला तुकडा. इथे मी प्रोड्यूसरांची वकिली पूर्ण करू शकत नाही. १९६९ मध्ये विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा कापून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. हजारो ट्रॅकमध्ये तो आहे. कोलमनला त्यातून एक छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये तो हलाखीत वारला. २०१५ मध्ये बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, २४,००० पौंड जमले. चांगलंच झालं, पण हे उपकार झाले, हक्क नव्हे.

कलेच्या बाजूने सांगायचं तर ते सहा सेकंद तसेच्या तसे वापरणारे विस्मरणात गेले. ज्यांनी त्याचे एकेका ठोक्याचे तुकडे करून नवी वाक्यं बांधली, तेच आजही ऐकले जातात. पैशांच्या बाजूने मात्र दोघेही कोलमनचे सारखेच देणेकरी आहेत.

पैसा येतो कुठून?

मघाची ३० सेकंदं आठवा. स्पॉटिफायवर ट्रॅक ३० सेकंद वाजला की तो एकदा ऐकला गेला असं मोजतात. म्हणजे डीजेसाठी सोडलेली सुरुवात संपते न संपते तोच मोजणी पूर्ण! पुढची साडेसहा मिनिटं हिशोबात नाहीत. दोन मिनिटांच्या गाण्याला आणि सात मिनिटांच्या ट्रॅकला मोल तेच, म्हणून तासाभराच्या ऐकण्यात छोट्या गाण्याला कितीतरी पट जास्त मिळतं. मुळात ऐकण्यामागे ठरलेला दर नसतो. वर्गण्या आणि जाहिरातींचा पैसा एका गंगाजळीत जमतो आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे वाटला जातो. तुमचा श्रोता महिनाभर फक्त तुम्हालाच ऐकत असला, तरी त्याच्या वर्गणीतला मोठा भाग सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्यांकडे जातो. २०२४ पासून तर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला या वाटपात हिस्साच मिळत नाही. क्लबमध्ये शंभर डीजेंनी वाजवलेला पण घरी फारसा न ऐकला जाणारा ट्रॅक त्यातच सापडतो.

क्लब वाजवण्याचा परवाना घेतात, त्याचा पैसा रचनाकारांच्या संस्थांकडे जातो. पण त्या रात्री नेमकं काय वाजलं याची यादी अनेक ठिकाणी कुणी देत नाही. मग वाटप अंदाजाने होतं आणि अंदाज झुकतो तो लोकप्रिय गाण्यांकडे.

म्हणून ही मंडळी थेट विक्रीवर भर देतात. बँडकॅम्प या संगीत थेट विकण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के, ठरावीक विक्रीनंतर १० टक्के, कंपनी ठेवते. बाकी रक्कम, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता, प्रोड्यूसरकडे किंवा लेबलकडे येते. एका अल्बमची एक विक्री बहुधा हजाराहून जास्त वेळा ऐकलं जाण्याच्या तोडीची पडते. मार्च २०२० मध्ये, महासाथीच्या सुरुवातीला, कंपनीने एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला आणि पुढे असे शुक्रवार नेमाने येत राहिले. हा आधारही तसा डळमळीतच. २०२२ मध्ये कंपनी एका गेम कंपनीने घेतली, पुढच्याच वर्षी दुसऱ्याला विकली आणि जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले.

खरी कमाई होते ती प्रत्यक्ष वाजवण्यातून. त्यामुळे ज्याला डीजे व्हायचं नाही, रात्री जागायच्या नाहीत, विमानतळांवर झोपायचं नाही, अशा प्रोड्यूसरची कोंडी होते. ट्रॅक हे त्याच्यासाठी व्हिजिटिंग कार्ड होऊन बसतं. काही जण दुसऱ्यांच्या नावावर ट्रॅक बनवून देतात, रक्कम घेतात आणि गप्प राहतात. नावाजलेल्या डीजेच्या नावावरचा प्रत्येक ट्रॅक त्यानेच बनवलेला असतो असं नाही, हे उघड गुपित आहे. बहुतेकांची मात्र दिवसाची नोकरी असते आणि संगीत रात्री.

आता एआयचं काय?

इथे मला धीर देणारं उत्तर देता येत नाही. 'वरवर साधं' संगीत नक्कल करायला सोपं असतं. चार आवाज, ठरलेला वेग, ठरलेली रचना असा कामचलाऊ ट्रॅक यंत्र आजही बनवून देतं. डीझर या स्पॉटिफायसारख्या सेवेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे २०,००० हून जास्त, पूर्णपणे यंत्राने बनवलेले असतात. त्यातले बहुतेक कुणी ऐकणार नाही. पण जे ऐकले जातात त्यांचा हिस्सा त्याच गंगाजळीतून निघतो.

त्याहून मोठी पंचाईत निवडीची आहे. डीजेकडे आठवड्याला शेकड्यांनी नवे ट्रॅक येतात. प्रत्येकाची दहा-वीस सेकंदं ऐकून तो पुढे जातो. ढीग दुप्पट झाला की अनोळखी नावाच्या वाट्याची ती सेकंदंही जातात, आणि अनोळखी राहणं ही तर या जगाची जुनी सवय. डीजे मग ओळखीच्या लेबलांवर भिस्त ठेवतो. तबकडी काढणाऱ्या छोट्या लेबलांना त्यामुळे थोडा भाव आला आहे. तीनशे प्रती छापायच्या तर मास्टरिंग, साचा, छपाई आणि टपाल यांचे पैसे आधी पदरचे घालावे लागतात आणि विक्री झाली तरच नफा लेबल आणि प्रोड्यूसर यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. त्या लेबलच्या माणसाने हा ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला आहे, बहुधा मोठ्या स्पीकरांवर वाजवूनही पाहिला आहे, एवढी तरी खात्री डीजेला त्यातून मिळते.